ओट्याच्या उंचीची डॉज

चंदर,

आपल्या बाला कर्जतच्या इस्पितळात नेते हाय. आपली डॉज गाडी दारातच हाय, पण चालवणारा तू कशेळ्याला, म्हणून पांडूची जीप बोलावली. बाला तिच्यात निजवलंय, मी चिठ्ठीपुरती आत आले.

मागच्या चाकांवर स्प्रिंगचे जादा पाटे चढवून तू डॉज टोळासारखी मागून उचललीस. रुबाब दिसतो म्हणालास. दिसतो रं. पण बाचे पाय गेले तेव्हा मागच्या सीटची उंची दोरीनं मापून त्यानं हा ओटा बांधून घेतला, ते कसं इसरलास? ओट्यावरून सरकत तो आपला आपण गाडीत बसायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाय. आज गाडीत नुसतं बसायला म्हणून तसाच सरकला, सीटला अडकून मधी पडला. खुबा मोडलाय बहुतेक.

मी तुझ्या नावानं ओरडले, तर मलाच म्हणतो, "पोराला बोलू नको, हौसेनं केलंय त्यानं."

भाकरी टोपलीत हाय, खाऊन ये. पाटे काढत बसू नको, आता त्याचा काय उपेग नाय. जीपमधी घालताना बानं आपणहून दोन्ही हात वर केले आन् म्हणाला, "उचला मला."

हिरूताई