वाद्य उघडल्याशिवाय किल्ली नाही

मी, खाली सही करणारी, वाद्यं बनवणारी बाई, वय एकाहत्तर, गुडघे सोडून बाकी सगळं शाबूत असताना, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. दबाव दोन्ही मुलांनी आणून पाहिला, मी जुमानला नाही. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती. हे शांतपणे, विचार करून रागावून लिहिलं आहे.

राहतं घर मुलीला. ती ते विकणार, हे मला ठाऊक आहे. फक्त भाव वाढवायला गिऱ्हाइकाला माझ्या आठवणी सांगू नयेत. बँकेत जे काही असेल ते दोघांत निम्मं.

लाकडी कपाट नणंदबाईंना. माझ्या लग्नानंतर पाहुण्यांसमोर त्या म्हणाल्या होत्या, "आमची वहिनी सुतारकाम करते." कपाटाचं दार नीट लागत नाही. ते मी मुद्दाम दुरुस्त केलेलं नाही.

नवऱ्याच्या बदल्या देशोदेशी होत. बाकीच्या बायका भांडी बांधायच्या, मी रंधे आणि पटाश्या. नव्या गावी वाद्यं बनवणाऱ्याचं दुकान शोधायचं, भाषा येत नसली तरी जाऊन बसायचं, हाकललं तर उद्या पुन्हा जायचं. म्हणून माझ्या वाद्याची मान वाळवंटातली, पोट बर्फातलं आणि खुंट्या एका बेटावरच्या खडूस म्हाताऱ्याने शिकवलेल्या. त्यावर एका समीक्षकांनी लिहिलं, "ना धड इकडचं, ना तिकडचं." त्यांना माझं एक बिनतारांचं वाद्य द्यावं. ते बेसूर आहे असं लिहायची तरी पंचाईत होईल.

आता वर्कशॉप. सगळे याचसाठी इथवर ऐकत बसले असणार.

वर्कशॉप, हत्यारं आणि वाळत ठेवलेलं लाकूड चिरंजीवांना हवं आहे. "आई, आपण याचा ब्रँड करू या," असं ते म्हणतात. मिळेल, पण अट आहे.

नवऱ्यासाठी केलेलं वाद्य भिंतीवर टांगलं आहे. मी आजारी असताना त्याची तबली, म्हणजे पोटावरची फळी, कडेने सुटली. मी सगळे सांधे सरसाने, कातडं-हाडं उकळून केलेल्या डिंकाने, जोडते. वाफ दिली की सांधा सुटतो आणि आतली दुरुस्ती करता येते. चिरंजीवांनी बाजारातला गोंद ओतला आणि माझ्या बिछान्याशी येऊन सांगितलं, "आई, आता जन्मात उघडणार नाही." शाबासकीसाठी उभेही राहिले. पुढे तबलीला आतून आधार देणारी पट्टी निखळली. प्रत्येक सुराला खरखर, आणि उघडायची सोय नाही.

नवऱ्याने वाजवणं सोडलं. मुलाला म्हणाले, "माझी बोटंच गेली रे आता." बोटं ठणठणीत होती. मला म्हणाले, "पोराला बोलू नकोस, वाईट वाटेल त्याला." दुसरं करून देते म्हटलं, तर "मला हेच हवं होतं" म्हणाले. मग शेवटपर्यंत टेबलावर बोटं वाजवत बसायचे. मला ते बघवत नसे. त्यांना दिलेला शब्द मी हयातभर पाळला. हयात संपल्यावर तो मला लागू नाही.

तेव्हा चिरंजीवांनी ते वाद्य उघडावं, आतली पट्टी सरसाने बसवावी आणि खालच्या शिंपीणबाईंसमोर वाजवून दाखवावं. खरखर गेली की वर्कशॉप त्यांचं. तोवर किल्ली बाईंकडे. कामापुरतं दार त्या उघडून देतील.

उघडताना तबली तुटणार, हे मला ठाऊक आहे. मग नवी करावी लागेल. रंधा मारायचा, अंगठ्याने ठोकायचं, कान लावायचा, पुन्हा रंधा. तेवढा वेळ ते माझ्याजवळ कधी गप्प बसले नाहीत. आता बसतील, आणि अडलं तर विचारायला मी नसेन.

सही: वाद्यं बनवणारी, स्वहस्ते
साक्षीदार: खालची शिंपीण
साक्षीदार: समोरचे दातांचे डॉक्टर (बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. शेवटचं कलम सौम्य करा म्हटलं, तर सही कुठे करायची ते दाखवलं.)
ठिकाण: वर्कशॉप, खिडकीजवळचं टेबल
तारीख: नऊ मार्च