चौदा पानं माझी, अर्धं पान राहीचं

१९ नोव्हेंबर २००१
आजपासून रोजनिशी. थोर माणसं लिहितात, आणि माझी वेळ आता आली आहे. मुंबईच्या एका विज्ञान संस्थेचं पत्रक शाळेत आलंय. विद्यार्थ्यांनी स्वतः सुचवलेला एक प्रयोग परदेशी यानातून अंतराळात जाणार. निवड झाली की विद्यार्थी आणि मार्गदर्शक, दोघांना विमानाने बंगलोरला नेणार, प्रयोगाची पेटी तयार करायला. मुरबाड तालुक्यात सतरा वर्षं विज्ञान शिकवतोय. विमान अजून खालूनच पाहिलंय.
संकल्प: जायचंच.

२० नोव्हेंबर
नियमाप्रमाणे आठवी ब मध्ये मुलांना कल्पना विचारल्या. एकाने विचारलं, वर उचकी लागली तर पाणी कसं पितात. पाड्यावरची राही सहसा तोंड उघडत नाही, ती आज उभी राहिली. म्हणाली, आई सुपात भात पाखडते तेव्हा तूस उडून जातं आणि दाणा परत सुपात पडतो. वर काही पडतच नाही, मग तिथे पाखडायचं कसं? वर्ग हसला. मी तिला खाली बसवलं. सांगितलं की विज्ञान वेगळं आणि चूल वेगळी.
निष्कर्ष: मुलांकडे कल्पना नाहीत. सगळं मलाच करावं लागणार.

२ डिसेंबर, सकाळी ६
प्रयोग सुचला. 'गुरुत्वाकर्षणाच्या अभावी चुंबक, तुळस व मनगटी घड्याळ यांचे परस्परसंबंध'. तीन वस्तू मुद्दाम घेतल्या, परीक्षकांना एक तरी आवडेलच. नियम म्हणतो की कल्पना विद्यार्थ्याची हवी. माणूस जन्मभर विद्यार्थीच असतो. नियम पाळला गेला.
बायको, प्रेमा, विचारते, चुंबकाचं आणि तुळशीचं काय नातं.  या घरात संशोधनाला पोषक वातावरण नाही.

१३ डिसेंबर
अर्ज विद्यार्थ्याच्याच हस्ताक्षरात हवा. शाळेत सगळ्यात सुंदर अक्षर राहीचं. ते माझ्यामुळेच, पाचवीपासून मी तिच्याकडून शुद्धलेखन घोटून घेतलंय. चार दिवस मधल्या सुट्टीत सांगत होतो, ती लिहीत होती. चौदा पानं झाली. तिचं बोट सुजलं, पण कुरकुर नाही. पंधरावं पान कोरं राहिलं ते बरं दिसेना. म्हटलं, एखादा सुविचार लिहून टाक. तिने बरंच काही लिहिलं. वाचणार होतो, पण चार-दहाची एसटी गाठायची होती. पाकीट बंद करून पोस्टात टाकलं.

२२ जानेवारी २००२
निवड!! (पहिल्या फेरीत.) हेडबाई वत्सलाबाईंनी पत्र स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचलं. तेवढं मनातल्या मनात वाचलं असतं तरी चाललं असतं. परीक्षकांना पंधराव्या पानावरचा सुपाचा प्रश्न फार आवडला. पुढे लिहिलंय की पहिली चौदा पानं मुलीने कुठल्यातरी पुस्तकातून उतरवलेली दिसतात, शिक्षकांनी तिला समज द्यावी.
म्हणजे माझी भाषा छापील पुस्तकाच्या तोडीची आहे. परक्या माणसांनी न विचारता दिलेली ही पावती आहे. चहाच्या वेळी हे सहकाऱ्यांना समजावून सांगितलं. सगळे चहा पीत राहिले.
राहीला समज दिली नाही. माझं मन मोठं आहे.

२८ जानेवारी
म्हसा गावच्या जत्रेत जाऊन चाकांची बॅग घेतली. प्रेमा म्हणाली, आधी मुलाखत तर होऊ दे. अंगणात ओढून पाहिली. दगडांवर उलटते. बंगलोरला दगड नसावेत.

९ फेब्रुवारी
मुंबईला मुलाखत. वत्सलाबाईंचा हुकूम झाला की मुलगी एकटी जाणार नाही, आईलाही न्यायचं. त्यामुळे भिमी आली. पाड्यावरची बाई, नांगरापासून मोह वेचण्यापर्यंत सगळं एकटीने करणारी. काखेत फडक्यात गुंडाळलेलं सूप, सोबत दोन मुठी कांडलेला भात. मी म्हटलं, सूप राहू दे, तिथे फळ्यावर आकृती काढता येईल. तिने ऐकलं नाही.
राहीकडून बावीस उत्तरं शुद्ध मराठीत पाठ करून घेतली होती. दारावर शिपाई म्हणाला, शिक्षकांनी बाहेर बसायचं. बसलो. मायलेकी आत गेल्या. आतून हसण्याचा आवाज आला. नवव्या उत्तरात मी एक कोटी घातली होती, तिलाच दाद मिळाली असणार. तासाभराने दार उघडलं. परीक्षकांच्या टकलावर आणि चष्म्यावर तूस होतं. कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

१० फेब्रुवारी
राहीला खोदून खोदून विचारलं. बावीसपैकी एकही उत्तर तिने दिलं नाही. त्यांनी विचारलं की वर दाणा परत पडणार नाही, मग तूस निघेल का. राही अडली, तेव्हा भिमीने सूप हातात घेऊन दाखवलं आणि सांगितलं, "जड हाय ते माझ्याकं परत येतं. वर येयाचं नसंल तर नको येऊ दे. फुंकर मारायची न् बघायचं. तूस आधी पळंल, दाना मागं ऱ्हाईल. जड हाय तो सावकाशच हालतो."
यावर तिथले दोन शास्त्रज्ञ उभे राहिले म्हणे. लघवीला जायचं असेल.
मग त्यांनी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? राही म्हणाली, "आयनं. सरांनी अक्षर शिकवलं."
मुलगी भांबावलेली होती. मनात 'सर्व काही' असणार, तोंडातून 'अक्षर' गेलं.

४ मार्च
अंतिम निवड झाली. पारदर्शक पेटीत तूस, भात आणि रबरी फुगा. वर अंतराळवीर फुगा एकदा दाबणार. बंगलोरला कोण जाणार तेही टंकलेलं आहे. विद्यार्थिनी: राही. मार्गदर्शक: श्रीमती भिमी.
टायपिस्टची चूक आहे. दुरुस्तीचं पत्र लगेच टाकलं. नम्र भाषेत. तीन पानी.

१५ मार्च
उत्तर आलं. एका ओळीत. चूक नाही.

१७ मार्च
विचार केला. भिमीने मुंबईच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही. विमान म्हणजे काय हे तिला कोणीतरी सांगायला हवं, ते माझं कर्तव्यच आहे. घाबरून तिने नाही म्हटलं तर ऐन वेळी शाळेची अब्रू कोणीतरी राखायला हवी. बॅग भरून ठेवली आहे.
पाड्यावर गेलो. सांगितलं की कान फुटतात, पोटात ढवळतं, खिडकी उघडत नाही, आणि मध्ये बंद पडलं तर उतरताही येत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. चहा दिला. मग म्हणाली, "मी मोहावर चढते गुरुजी. त्याला दार पन नाय. याला हाय ना?"
हाय, म्हटलं.

२५ मार्च
पुन्हा गेलो. या वेळी अपघातांच्या बातम्यांची कात्रणं घेऊन. भिमीला वाचता येत नाही. तिने ती राहीकडे दिली. राहीने सगळी कात्रणं मोठ्याने, न अडखळता, विरामचिन्हांसकट वाचून दाखवली. फार सुंदर वाचते. वाचून झाल्यावर राहीने कात्रणांची नीट घडी करून ती माझ्या हातात परत दिली. भिमीने माझ्या पिशवीत शेराभर हिरडे घातले आणि म्हणाली, एवढ्या उन्हात आमच्या काळजीने दोनदा चालत आलात.
हिरड्यांची पिशवी घरापर्यंत फार जड लागली.

८ एप्रिल
त्यांना विमानतळावर पोचवायचं काम वत्सलाबाईंनी मला दिलं. सफारी घातला. बॅगही घेतली, वेळ काही सांगून येत नाही. वाटेत कल्याणला भिमीला उन्हाने चक्कर आल्यासारखं झालं. माझ्या मनात क्षणभर जे आलं ते इथे लिहीत नाही. मी धावत जाऊन लिंबूपाणी आणलं. ती बरी झाली.
सांताक्रूझ. दारात बंदूकवाला शिपाई. राहीने तिकिटं दाखवली. सूप आत जाऊ देतील का याची मला धाकधूक होती. शिपायाने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि भिमीला हसून परत दिलं. दोघी आत गेल्या. काचेतून दिसत होत्या. राही वरच्या पाट्या वाचत होती, इंग्रजीसुद्धा, आणि बोट धरून आईला नेत होती. वळून बघेल म्हणून मी हात वर करून उभा होतो. ती वळली नाही. वळायला वेळ कुठे होता तिला.
मला वाईट वाटलं. विमान चुकलं म्हणून नाही. तिने त्या दिवशी वर्गात विचारलं होतं, आणि मी तिला खाली बसवलं होतं.
शिपायाने माझा सफारी पाहिला, बॅग पाहिली आणि विचारलं, आप कौन? उत्तर नोव्हेंबरपासून तयार होतं, हुद्द्यासकट. तोंडातून निघालं, "छोडने आया हूँ."
तो म्हणाला, मग बाजूला उभे राहा, रस्ता अडतोय.
बाजूला उभा राहिलो.