अंगठ्याखालचा दाणा

प्रिय बाबा,

तुमच्या तेरवीच्या पंगतीत मी भात वाढत होते, तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "पोरगी दगडाची हाये बाप्पा!" मला ऐकू आलं. राग आला नाही. तेव्हापासून कशाचंच काही वाटत नाही. जेवते, ड्युटीवर जाते, झोपते. वरणात मीठ नसलं तरी समजत नाही.

मग आज काऊन लिहून राहिली? कारण आज सकाळी आईनं तुमची पितळेची थाळी माझ्यासमोर ठेवली. बाजूला तांदळाची वाटी. म्हणाली, "टाक. आता तुझ्या बाबाच्या जागी तूच."

आईच्या पोटात गाठ आहे, बाबा. गोंदियाच्या डॉक्टरनं काल फोटो पाहिले आणि म्हणाले, "नागपूर ले जाओ, देर मत करो." तुमच्या छातीच्या दुखण्याच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरनं अगदी हेच म्हटलं होतं. शब्दही तेच. मी तेव्हाही तशीच मान हलवली होती.

आपल्या घरात कोणती मोठी गोष्ट थाळीशिवाय झाली? बोअर मारायची, बैल विकायचा, ताईचं लग्न जुळवायचं. तुम्ही आंघोळ करून देवासमोर बसायचे. चिमूटभर तांदूळ थाळीत टाकायचे आणि दाणे दोन-दोन करून बाजूला सारायचे. सगळे जोडीनं गेले तर देवाचा होकार. एक उरला तर नकार. संपलं! मग कोणी तोंड उघडायचं नाही.

माझ्या नोकरीच्या वेळचं आठवते काय? नागझिऱ्यात गाइड व्हायचं म्हटल्यावर काका केवढे उसळले होते! "पोरीच्या जातीनं जंगलात फिरावं काय?" तुम्ही काही बोलले नाही, थाळी मागवली. जोडी आली. काका चूप. मला तुमच्यापेक्षा त्या तांदळाचेच उपकार वाटले. आता जिप्सीत बसलेले लोक मला विचारतात, "मॅडम, आज वाघ दिसणार काय?" मी सांगते, दिसला तर दिसला. एवढं सांगायचा मला पगार आहे.

तर आज मी आईला म्हटलं, "आई, मी हे मानत नाही. तुला माहीत आहे."

ती हसली. बाबा, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसली. "तुझा बाप तरी कुठं मानत होता? एक दाना अंगठ्याखाली दाबून ठेवे. जोडी जुळवायची का मोडायची, ते पाहून सोडे नाही तर दाबूनच ठेवे."

"तुला कधीपासून माहीत?"

"लग्न होऊन आली तवापासून."

"मग बोलली काऊन नाही?"

"कायले बोलू? त्याले वाटे, देवच बोलून रायला. असंन बी. देवाले अंगठा नसते, मानसाले असते."

म्हणजे जंगलात मला तुम्हीच पाठवलं, देवानं नाही! मग बाबा, स्वतःच्या तोंडानं एकदा सांगायला काय झालं होतं? "माझ्या पोरीला जाऊ द्या," एवढंच तर म्हणायचं होतं. मी आयुष्यभर ते वाक्य मिरवलं असतं ना!

की तुम्हालाही माहीत नव्हतं? हाच विचार मला सोडत नाही. आपलाच अंगठा आपल्यापासून लपून काही करू शकतो काय? आपल्याला काय पाहिजे हे माणसाला स्वतःला तरी समजते काय? मी रोज पायांचे ठसे वाचते, जनावर कुठं वळलं ते सांगते. स्वतःच्या बापाचं काही सांगता येत नाही.

आणि मग ती दुसरी थाळी. तुमच्या ऑपरेशनची. एक दाणा उरला होता. तुम्ही शांतपणे म्हणाले, "नाही म्हनते देव. आता राहू द्या." पण त्या दिवशी तुमचा हात थरथरत होता, बाबा. मी पाहिलं होतं. तो दाणा तुम्ही धरून ठेवला, की हातातून सुटला? तुम्हाला ऑपरेशनला जायचंच नव्हतं काय? की जगायचं होतं आणि बोटांनी साथ दिली नाही?

आईला विचारलं. ती पदर चाचपत बसली. मग म्हणाली, "त्या दिवशी म्या पायलंच नाही. डोये मिटून घेतले."

म्हणजे आता हे कोणालाच माहीत नाही. आणि तुम्ही तर सांगणार नाही.

मी थाळी बाजूला सारली आणि म्हटलं, "आई, तुला काय वाटते? तुला काय पाहिजे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी परकी भाषा बोलले असं तिला वाटलं असेल. मग हळूच म्हणाली, "मले कोनी इचारलंच नाही आजवर." आणि मग आणखी हळू, "मले जगायचं हाये वं."

तरी तिनं थाळी पुन्हा पुढं ओढली. "टाक. त्याची रीत हाये."

मी टाकले. अंगठा पूर्ण उघडा ठेवून, बाबा, तिला दिसेल असा. दोन-दोन सारत गेले. शेवटी एक उरला.

मी त्या दाण्याकडे पाहत बसले. तेवढ्यात आईनं हात लांबवला, तो दाणा उचलला आणि तोंडात टाकला. कच्चाच. कडकन चावला.

"हं," म्हणाली, "मोज आता."

आणि बाबा, इतक्या दिवसांनी मला भूक लागली!

सोमवारच्या गाडीनं मी तिला नागपूरला नेऊन राहिली. तिथं बरं होवो की वाईट, मी देवावर ढकलणार नाही आणि तांदळावरही नाही. कोणी विचारलं तर सांगीन, आम्ही दोघींनी ठरवलं. हा माझा शब्द. तुमची थाळी घासून फळीवर ठेवली आहे, आल्यावर तिच्यातच जेवू.

तुम्हीच जंगलात पाठवलेली,
तुमची बेबी