नारळ फोडू नका

हिमाचल, ११ मार्च १९८७

तीर्थरूप अप्पांस लवूचा नमस्कार.

मी बरा आहे. इथल्या उकळत्या झऱ्यात तांदळाची पुरचुंडी सोडली की भात शिजतो. आईचे गुडघे कसे आहेत?

झऱ्याच्या ऊन पाण्यावर मी विजेचा दिवा लावला, म्हणून तुम्ही देवळात नवसाचा नारळ देणार, असं अक्काने लिहिलंय. अप्पा, तो दिवा डिझेलवर लागला. आमचे साहेब दिवा बघायला आले तेव्हा पाइपातून यंत्रापर्यंत येता येता पाणी निवलं होतं. जनरेटरची वायर मीच गुपचूप जोडली.

माझ्या यशासाठी तुम्ही गाऱ्हाणं घातलंत, तेव्हा सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणाला होता. आता नारळ फोडू नका. लवू खोटं वागला, त्याची चूक पदरात घे, असं गाऱ्हाणं घाला. गाव 'व्हय म्हाराजा' म्हणाला तर कळवा. मग मे महिन्यात येईन.

तुमचा
लवू