माहेरचं वांग्याचं बी

अहो,

आखाजीच्या सणासाठी माझा भाऊ भिला गाडी जुंपून न्यायला आला, तुम्ही मळ्यात होतात, म्हणून लिहून ठेवते. भाकरी शिंक्यात आहे.

परसातल्या नव्या वाफ्याला आता पाणी घालू नका. कोनाड्यात दोन गाडगी होती. एकात दात घासायची राख, दुसऱ्यात राखेत जपलेलं वांग्याचं बी. तुम्ही नुसती राख पेरलीत आणि रोज सकाळी माझ्या बियाण्याने दात घासलेत! दातांत कचकचलं नाही? वर गल्लीभर सांगत फिरलात, "हिना माहेरनं बीच खोटं शे."

मोरीपाशी जाऊन बघा, रोपांची दाटी झाली आहे. मी येईपर्यंत चूळ वाफ्यात टाका.

माझ्या माहेरचं बी तुम्ही थुंकलात तिथेसुद्धा उगवलं.