मेजर अजून ठरायचंय

२ जून, संध्याकाळ
आजपासून रोज लिहिणार. वही ओवीनं दिली. तिच्या ऑफिसातली, वर औषधाच्या कंपनीचं नाव. सून काही देती तेव्हा जास्त विचारायचं नसतं.

प्रणय माझा कॉलेजचा फॉर्म भरायला बसला. पोरगं कंपनीतून दमून आलेलं, एका हातात चहा, एका हातात मोबाईल. बीएला एक मुख्य विषय घ्यावा लागतो, त्याला मेजर म्हणतात. इतिहास, समाजशास्त्र, उर्दू, गृहविज्ञान, लई लांब यादी. आई, मेजर काय टाकू, म्हणला. दहावी अन् बारावी दोन्ही सतरा नंबरचा फॉर्म भरून पास झाले मी, वय छप्पन. असं चहा पिता पिता ठरवायला मी काय लेकरू हाय? चेष्टेत म्हणलं, टाक की गृहविज्ञान. चाळीस वर्षं भाकरी थापल्या, डिग्री तरी मिळंल. ओवीला ठसका लागला हसून. माझ्या बोलण्यात गंमत असती, हे मालक सोडून सगळ्यांना कळतं. मालकांनाही कळायचं, पण हसायचे नाय.

मग माझ्या फोनवर ओटीपी आला. प्रणयनं मागितला, मी मोठ्यानं वाचून दिला. झालं, म्हणला.

म्हणजे फॉर्म चालू झाला. मेजर ठरवायची शेवटची तारीख ३० जून. अठ्ठावीस दिवस. तुला काय पाहिजे, असं जन्मात पहिल्यांदा कुणी विचारलंय. घाई करणार नाय.

५ जून
ठरलं. इतिहास. पक्कं. शेजारच्या लीलाबाईला सांगितलं. ती म्हणली, या वयात कशाला आता. म्हणलं, तुझ्या गुडघ्यांचा इतिहास लिहायला कुणीतरी पाहिजे ना. दार लावून घेतलं तिनं. हसत असंल आत.

६ जून
इतिहास रद्द. खालच्या तबस्सुमकडून इतिहासाचं पुस्तक आणून चाळलं. सगळे बाप, लेक, भाऊ, पुतणे. बायका फक्त वारस द्यायला अन् मेल्यावर कबरीत झोपायला. हे आमच्या गावात फुकट शिकले मी.

९ जून, दुपारी १
कॉलेजात जाऊन आले. चौकशीच्या खिडकीत कडूबा नावाचे क्लार्क हायेत. मला आजी म्हणले. त्यांचे केस माझ्याहून पांढरे. मी म्हणलं, बोला बाळ. मागची पोरं हसली, ते नाय हसले. माहितीपत्रक दिलं. मेजर नीट विचार करून निवडा, असं पहिल्याच पानावर छापलंय. हेच तर मी करतीय.

समाजशास्त्र बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटलं. मग विचार केला, समाज काय शिकायचा? मालक गेले तेव्हा माझ्या बांगड्या फोडायला आलेल्या बायका जेवून गेल्या अन् जाताना म्हणल्या, वरणात मीठ कमी होतं. झाला की अभ्यासक्रम.

११ जून
उर्दूचा प्रश्नच येत नाय. नुसती नोंद करते.

तबस्सुम म्हणजे खालच्या मजल्यावरच्या जहांगीर टेलरची पोरगी. तिनंही माझ्याच कॉलेजात फॉर्म भरलाय, तिनं उर्दू घेतलंय. दुपारी तिला एकटीला करमत नाय म्हणून मी जाते. तिनं अलिफ, बे, पे काढून दाखवलं. उजवीकडून डावीकडं लिहितात. म्हणलं, माझ्या घरात सगळं उलटंच चालतं, मला सोपं जाईल. ती हसली. मावशी, तुम बहुत शैतान हो, म्हणली. गुणी पोर हाय.

१२ जून
पेटी आवरली. उगीच. अण्णांची वही वर आली.

अण्णा म्हणजे माझे वडील. निजामाच्या काळात शाळा शिकले, ती उर्दूत. मराठी बोलायचे, लिहायचे मात्र उर्दू. फुलंब्रीकडच्या आमच्या गावात त्यांची वही वाचणारं नंतर कुणी उरलं नाय. भावांनी शेत वाटून घेतलं, वही मला दिली. रद्दीतच जाणार होती.

मी सातवी पहिल्या नंबरानं पास झाले त्या साली अण्णांनी माझं नाव शाळेतून काढलं. मला काही सांगितलं नाय, मास्तरांना सांगितलं. त्या दुपारी ओसरीवर वही घेऊन बसले अन् बराच वेळ लिहीत होते. मी समोर ज्वारी निवडत होते. वाकून बघितलं, एक अक्षर कळंना. सगळ्या मुंग्या.

याचा अन् मेजरचा काही संबंध नाय.

१५ जून
प्रणयला म्हणलं, मी कोणता विषय घेणार सांगू का. मोबाईलमधनं डोकं वर न काढता म्हणला, आई, ते झालंय ना, कशाला परत डोकं खाती. लई वैतागतो हल्ली. दोन दोन शिफ्ट करतो. मीच समजून घेतलं.

ओवी म्हणली, आई, माझा जुना ॲप्रन हाय, तुम्हाला लागंल, धुऊन ठेवते. मी म्हणलं, ठेव, वर तुझं नाव भरून घेते दोऱ्यानं. आता ती पण चेष्टा करायला लागली. माझ्या संगतीचा परिणाम.

१९ जून
निश्चय: उद्या सगळ्या विषयांची यादी करून एकेकावर फुली मारायची.

२० जून
यादी केली नाय. तबस्सुमकडं जावं लागलं. तिचा सराव अर्धा राहिला होता. खरं म्हणजे माझा, पण तिच्यासाठीच. जीम, चे, हे, खे. चारी सारखीच दिसतात, फक्त टिंबं वेगळी. आमच्या जावांसारखी.

२३ जून, दुपारी ३


अण्णांची वही तबस्सुमकडं नेली होती. फक्त कागद किती जुना ते दाखवायला. पानं उलटता उलटता एका ठिकाणी थांबले. जीम. मीम. नून. अलिफ. बोट ठेवून परत वाचलं. जमना. अण्णा मला यमुना नाय म्हणायचे, जमना म्हणायचे. त्यांनी माझं नाव लिहिलंय. पुढं दोन ओळी हायेत. वर तारीख हाय, साल तेच, माझी शाळा सुटली ते.

तबस्सुम सरकून बसली. मावशी, मी वाचून दाखवू? मी पानावर पंजा ठेवला. म्हणलं, खबरदार. मास्तरांना कळलं, भावांना कळलं, गावाला कळलं, मला सगळ्यात शेवटी. आता ह्या दोन ओळी मी कुणाच्या तोंडून ऐकणार नाय. माझ्या डोळ्यानं वाचीन, परीक्षा देऊन, पहिल्या वर्गात.

२४ जून
मेजर: उर्दू. लिहून टाकलं. कुणाला सांगणार नाय. धक्का देणार.

तसं मी पहिल्या दिवसापासून ठरवलेलंच होतं. मधे फक्त बाकीच्या विषयांना संधी दिली.

२८ जून
खिडकीत काय बोलायचं त्याची तयारी. कडूबा विचारणार, आजी, उर्दू कशाला? मी म्हणणार, तुमच्याशी भांडायला मराठी पुरत नाय म्हणून. तबस्सुमला म्हणून दाखवलं. ती लोळली.

३० जून, सकाळी ९
नवी साडी. ओवीनं विचारलं, कुठं? म्हणलं, साखरपुडा हाय माझा.

३० जून, दुपार
कडूबांनी कॉम्प्युटरवर नाव टाकलं. स्क्रीन माझ्याकडं फिरवली. यमुनाबाई, मेजर गृहविज्ञान, सबमिट २ जून.

म्हणलं, चुकलंय तुमचं. ते म्हणले, फॉर्म त्याच दिवशी पक्का झालाय. बदल होत नाय, एकदा ओटीपी टाकला की विषय लॉक. मी म्हणलं, मी असला ओटीपी दिलेला नाय. त्यांनी फोनचा नंबर वाचून दाखवला. माझाच.

"आजी, फोन तुमच्याच हातात होता ना?"

काय बोलायचं ते सगळं पाठ होतं. मागं पोरांची रांग होती, मी बाजूला झाले.

३० जून, संध्याकाळ
प्रणयला विचारलं. तो खरंच गोंधळला. वाईट नाय पोरगा.

"तूच म्हणलीस ना, टाक गृहविज्ञान. आम्ही किती हसलो होतो, आई."

पुढच्या वर्षी बदलता येतंय का बघतो, म्हणला. बघता बघता परत मोबाईल बघायला लागला. अण्णांसारखंच. मला नाय विचारलं. अण्णांनी निदान लिहून तरी ठेवलं.

२ जुलै
गृहविज्ञान चांगला विषय हाय. नोकऱ्या लई असतात, असं माहितीपत्रकात छापलंय. छप्पन्नाव्या वर्षी लागंल एखादी.

तबस्सुम वर आली होती. मावशी, दुपारी या, मीच शिकवते, कॉलेजची गरज नाय, म्हणली. म्हणलं, दुपारी माझं प्रात्यक्षिक असतं. अजून कॉलेज सुरू व्हायचंय. मी उर्दू गंमत म्हणून करत होते, हे मी तिला तीनदा सांगितलं.

१४ जुलै
पहिलं प्रात्यक्षिक. मॅडम माझ्या ओवीएवढ्या. सगळ्या पोरी एकोणीस वर्षांच्या, ॲप्रन नवे. माझा ओवीचा जुना, वर तिचंच नाव.

घरी येऊन अण्णांची वही पेटीत तळाशी ठेवली. वर शाल, वर मालकांचा स्वेटर. त्या पानात खूण म्हणून घातलेला कागद काढून घेतला. वाण्याच्या यादीला होईल.

ओवीनं विचारलं, आई, काय शिकवलं आज? म्हणलं, भात. कुकरच्या तीन शिट्ट्या.

खरंच तेवढंच. लिहून घेतलं मी.