तांबड्या रंगाचा डबा

"मेलेल्या माणसाला बायको नसते, म्हणून तुला घराण्याच्या थडग्यात जागा नाही," हे भावोजी एइसाकु यांनी मला माझ्याच दुकानात, माझाच टोफू खाता खाता सांगितलं, आणि वर आणखी थोडं किसलेलं आलं मागितलं. मेलेला माणूस म्हणजे माझे यजमान तोकुजी. ते तेव्हा मागच्या अंगणात सोयाबीन धूत होते आणि गात होते, बेसूर.

म्हणून मी, कोदामा नुई, वय पंचेचाळीस, धंदा टोफू करणे, राहणार उसुकी, देवळाचा उतार, पूर्ण शुद्धीत आणि बऱ्याच रागात हे लिहून ठेवते. शाळा चौथीत सुटली, तरी अक्षर माझंच आहे. येत्या पंचवीस तारखेला डॉक्टर माझ्या पोटातले खडे काढणार. घाबरण्यासारखं काही नाही म्हणतात. मी घाबरलेली नाही. मागे राहणाऱ्यांचा भरवसा नाही, एवढंच.

घर, दुकान आणि पोस्टातली शिल्लक यजमानांना. जातं, साचे आणि मोठी कढई कामाला येणाऱ्या हात्सुएला. तिचं तोंड फार चालतं, पण हातही तसाच चालतो.

टोफू पोचवायची सायकल यजमानांकडेच राहील, पण मागे कोणीतरी बसलं पाहिजे. का, ते लिहिते. युद्धात हे आरमाराच्या विमानातून जहाजांवर सूर मारायचे. पुढे हे, मागे यांचा जोडीदार मुरोता. विमानाचं नाक खाली करायचं आणि सरळ कोसळायचं. मुरोताने मागून उंची ओरडायची, आणि तो "आता" म्हणाला की बाँब सोडून दांडा पोटाशी ओढायचा. त्या सवयीने आजही उतार लागला की मागून हाक आल्याशिवाय यांचा हात ब्रेकवर जात नाही. लग्नानंतर पहिला महिना सगळ्या गल्लीने टोफूचा चुरा खाल्ला. मग मी मागे बसू लागले. आकडे मला नीट येत नाहीत, म्हणून मी ओरडते, "देऊळ, धोबी, आता." त्यानंतर एक वडी मोडलेली नाही. माझ्यानंतर ही जागा मुरोताची. त्याला विचारलंय. तो म्हणाला, "वहिनी, मी याला भर समुद्रात उतरवलंय. टोफूसकट उतरवायला काय लागतं?"

आणखी एक. बाँब पडले त्या जहाजांवरच्या माणसांची नावं यांना ठाऊक नाहीत. दर ओबोनला गाव पितरांचे दिवे पाण्यात सोडतं, तेव्हा हे एक दिवा बिननावाचा सोडतात. तो पुढेही सोडावा. कागद कोराच ठेवावा.

आता थडगं.

शोवा सतरा (इ.स. १९४२) साली यांचं विमान दक्षिणेकडे पाण्यात उतरलं. हे आणि मुरोता पोहत एका बेटावर गेले, नारळ खाऊन राहिले, आणि इकडे आरमाराने घरी कळवलं की गेले. मोहिमेवर निघताना ठेवून गेलेले केस आणि नखं घरच्यांनी थडग्यात ठेवली, देवळातून मरणोत्तर नाव घेतलं, दगडावर कोरून काळा रंग भरला. वर्षश्राद्धाला तळलेला टोफू पोचवायला मीच गेले होते, तेव्हा आमचं लग्न झालेलं नव्हतं. मागच्या दाराशी एक काळाठिक्कर, हडकुळा माणूस उभा. त्याने विचारलं, "कोणाचं श्राद्ध?"

"धाकट्याचं, तोकुजीचं. विमानातून पडला बिचारा."

"पडला नाही," तो म्हणाला, "उतरला." आणि माझ्या टोपलीतला एक तुकडा उचलून खाल्ला.

आत गेले तेव्हा सासूबाईंनी यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. भावोजी म्हणाले, "आत्ताच यायचं होतं? गाव जेवायला बसलंय."

जिवंत माणसाचं नाव दगडावर असेल तर त्यात तांबडा रंग भरतात, हे उसुकीत कोणालाही विचारा. भावोजी तेव्हा म्हणाले, हा पुन्हा लढाईवर चाललाय, कशाला रंग वाया घालवायचा? हे गेले आणि पुन्हा आले, तरी रंग काळाच. मग भावोजी हुतात्मा स्मारकाच्या मंडळाचे अध्यक्ष झाले आणि घरातला हुतात्मा सोडवेना. आता म्हणतात, तोकुजी सतरा साली अविवाहित वारला आणि तुझं लग्न बावीस सालचं, मग तू कोणाची कोण?

यजमानांना याचं काही नाही. भावोजी सणाला थडग्यावर साके, तांदळाची दारू, ठेवून वळले की हे जाऊन पितात. म्हणतात, "दादा चिक्कू आहे, पण मेलेल्यांच्या बाबतीत नाही." फक्त एकदा, सोयाबीन निवडताना, मान वर न करता म्हणाले, "नुई, माझे केस आणि नखं इतकी वर्षं तिथे एकटीच आहेत. तू येशील ना?"

मी येणार म्हटलंय. तेव्हा माझ्या अस्थी त्याच थडग्यात ठेवाव्यात, दुसरीकडे कुठेही नाही.

विहीर माझ्या कमाईच्या जागेत आहे आणि भावोजींची मिसो, म्हणजे सोयाबीनचा आंबवलेला लगदा, तिच्याच पाण्यावर होते. यांच्या नावात तांबडा रंग भरला आणि शेजारी माझं नाव तांबड्यात कोरलं, तर पाणी भावोजींच्या घराला कायमचं. नाही तर विहीर गावच्या न्हाणीघराला दिली. मग मिसो करा गावाच्या आंघोळीच्या पाण्यात.

सही: कोदामा नुई (शिक्का)
साक्षीदार: मुरोता कानेयोशी, घड्याळजी, जो मागे बसायचा
साक्षीदार: दोकाई, देवळाचे भिक्षू, ज्यांनी यांना मेल्याचं नाव दिलं आणि आता रंगाला हरकत नाही म्हणतात
उसुकी, ५ सप्टेंबर, शोवा ३६

भावोजी, ही तुमची प्रत. तांबड्या रंगाचा डबा दुकानात कढईशेजारी आहे, पाथरवटाला सांगून ठेवलंय. तेवीस तारखेला हिगानची, पितरांच्या सणाची, साके घेऊन तुम्ही थडग्यावर याल, तेव्हा आम्ही दोघं तिथे उभे असू. रंग भरायचा की नाही, ते त्या दिवशी यांच्या तोंडावर सांगा.